दुपारी बारा वाजून सात मिनिटं, कारण अज्ञात

शिंचू, २ मार्च २०१९

आदरणीय धाकटे आजोबा,

बाबा म्हणाले, तुम्हाला फोन केला तर तुम्ही हवं तेवढंच ऐकता, पण पत्र आलं तर शेवटपर्यंत वाचता. म्हणून कॉम्प्युटर शास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेली मी, पोस्टात जाऊन तिकीट कुठे चिकटवतात ते विचारून, हे लिहिते आहे. हसू नका.

काम असं आहे. श्वे मॅडमनी आमच्या वर्गाच्या पाच टीम पाडल्या आहेत. प्रत्येकीने विमानतळासाठी कधीही बंद न पडणारी कॉम्प्युटरची व्यवस्था आखायची. कागदावरच, घाबरू नका. हायफंग विमानतळाने त्यासाठी जुन्या बिघाडांच्या पाच फाइली दिल्या. आधी बिघाड का झाला ते शोधा, मग तो पुन्हा होणार नाही अशी व्यवस्था आखा, आणि बारा एप्रिलला विमानतळाच्या इंजिनिअरांसमोर उभं राहून सांगा. कारण सापडलं नाही तर टीम नापास.

चिठ्ठ्या टाकल्या. आमच्या वाट्याला आली ३० जानेवारी १९९२ची फाइल. चांद्र नववर्षाला पाच दिवस उरलेले, प्रवाशांची झुंबड, आणि दुपारी बारा वाजून सात मिनिटांनी मुख्य कॉम्प्युटर आणि राखीव कॉम्प्युटर, दोन वेगळ्या खोल्यांतले, एकाच क्षणी बंद. चार तास. इतर टीमच्या फाइलींत निदान कसला तरी पत्ता आहे. एकीत पाणी शिरलंय, एकीत उंदीर. आमच्या फाइलीत एकच ओळ: ‘कारण अज्ञात.’ खाली विभागप्रमुखाची सही, कुंचल्याने काढल्यासारखी देखणी. यान सोंग-पो.

म्हणजे तुम्ही.

टीममध्ये आम्ही चौघं. प्रमुख पाय यी-त्से. तो स्लाइडचे रंग निवडतो. दोन आठवड्यांत निळा ठरला आहे. उरलेले दोघं त्याच्याशी सहमत होण्याचं काम करतात. नापास झाले तर मला जूनमध्ये पदवी मिळणार नाही, आणि ज्या कंपनीने जुलैपर्यंत माझी जागा धरून ठेवली आहे ती काही माझ्यासाठी ऑगस्ट उजाडायची वाट बघणार नाही. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा कृपा करून सांगा, त्या दिवशी काय झालं होतं?

तुमची,
रुओ-निंग

—

छीशान, ९ मार्च

बाळ रुओ-निंग,

तिकीट उलटं लावलं होतंस, पण आमचा पोस्टमन समजूतदार आहे.

कधीही बंद न पडणारी व्यवस्था चार पोरं सहा आठवड्यांत आखणार हे वाचून फार समाधान वाटलं. आम्ही अकरा जण तीस वर्षं तेच करत होतो. आमच्यापाशी निळ्या स्लाइड नव्हत्या, तेवढंच काय ते कमी पडलं असावं.

तो दिवस मला कालच्यासारखा आठवतो, किंबहुना कालच्यापेक्षा बराच स्पष्ट. प्रवाशांच्या डोक्यावर विमानांच्या वेळा दाखवणारा, उलटत्या पाट्यांचा मोठा फलक होता, पारव्यांचा थवा उडावा तसा फडफडायचा. तो फडफडता फडफडता थांबला. एवढ्या मोठ्या इमारतीत अशी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. मग मी शेजारच्या प्राथमिक शाळेतून तीन फळे मागवले. तु चिंग-फाने खडू हातात घेतला. आम्ही दोघं शाळेत एका बाकावर होतो. आमच्या लिन बाई उभं करून कविता म्हणायला लावायच्या तेव्हाही त्याचा आवाज खणखणीत आणि अक्षर मोत्यासारखं. चार तास तो लिहीत होता आणि चुकत नव्हता. एका म्हातारीने मला विचारलं, “ही नवी पद्धत का? मग आधीच का नाही सुरू केलीत? हे तर मला वाचता येतं.”

त्या संध्याकाळी मी दोन ओळी केल्या होत्या:

यंत्र निजले, दिवे मालवले, जागा राहिला फळा;
खडूच्या टोकावरती उतरला ढगांचा पांढरा मळा.

तुमच्या अहवालात कुठे बसल्या तर बघ.

आणि कारण तुला हवंच असेल, तर यंत्राने नीट चालावं म्हणून आपल्याकडे सगळेच ठेवतात ती, राखीव यंत्रावरची खाऊची पुडी. नारळाच्या चवीची होती, हिरवीच होती, कोणी फोडलेलीही नव्हती; पण तिची मुदत अठ्ठावीस तारखेला संपली होती. पुडीचं नावच मुळी ‘शहाण्यासारखं वाग’. मुदत संपल्यावरही यंत्राने शहाण्यासारखं का वागावं? त्या महिन्यात पुड्यांच्या तारखा बघण्याची पाळी चिंग-फाची होती. बिचारा विसरला.

पण ‘अज्ञात’ हा शब्द मला अजूनही सुंदर वाटतो. लिन बाई म्हणायच्या, सगळं उलगडून सांगितलं की कविता मरते.

तुझा,
धाकटा आजोबा

—

शिंचू, १७ मार्च

धाकटे आजोबा,

तुमची कविता पायने पहिल्या स्लाइडवर घातली, निळ्यावर पांढरी. श्वे मॅडमनी विचारलं, “ही व्यवस्थेची कोणती बाजू?”

पाय म्हणाला, “मानवी बाजू, मॅडम.”

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कविता तिथेच होती. “यी-त्से,” त्या म्हणाल्या, “आपल्याला विमानं उडवायची आहेत.”

मग मी पुडीचं सांगितलं. कोणी हसलं नाही. मॅडमच्या स्वतःच्या सर्व्हरवर हिरवी पुडी आहे आणि तिच्या मुदतीची तारीख त्यांनी लाल शाईने भिंतीवरच्या कॅलेंडरात मांडली आहे. “पुडीवर माझा विश्वास आहे,” त्या म्हणाल्या. “पण कारण म्हणून पुडी लिहून आणलीस तर शून्य देईन.”

तेव्हा मी फाइल पुन्हा उपसली. दोन गोष्टी सापडल्या.

एक. दोन्ही खोल्या वेगळ्या, दोन्ही यंत्रं वेगळी, कुलपंही वेगळी. पण दोघांना वीज येत होती एकाच लाइनने, बॅटरीवर चालणाऱ्या. शहराची वीज गेली तरी ही जाणार नाही, असं नकाशावर अभिमानाने लिहिलंय. पण त्या लाइनवर भार जास्त झाला आणि तिचा खटका पडला, तर दोन्ही यंत्रं एकदम जाणार. दोन सख्ख्या भावांना एकाच दोरीने बांधून ठेवलं आणि म्हणे दोघं वेगवेगळे पोहतात.

दोन. त्या लाइनवरच्या भाराची कागदी गुंडाळी फाइलीच्या खिशात होती. आजवर ती कोणी उघडलेली दिसत नाही, रबर वाळून चिकटलं होतं. त्यात रोज सकाळी अकरा वीसला रेघ डोंगरासारखी चढते आणि बारा दहाला उतरते. रोज. फक्त रविवारी नाही. आणि तीस जानेवारीला पहिला डोंगर उतरायच्या आत, बारा वाजून सहा मिनिटांनी, त्याच्या डोक्यावर अगदी तेवढाच दुसरा डोंगर. एका मिनिटाने सगळं सपाट.

रोज अकरा वीसला तुम्ही लोक त्या लाइनवर काय लावत होता? पायला वाटतं, लष्कराचं काहीतरी गुपित असणार. मला वाटतं, एखादं वातानुकूलन यंत्र.

अजून एक. त्याच फाइलीत तु चिंग-फा यांच्या बदलीचा हुकूम आहे. ‘देखभालीत हलगर्जी’. बिघाडानंतर तीन दिवसांनी, पंघू बेटावर. ऐन नववर्षाच्या तोंडावर. ते तुमच्या बाकावरचे ना?

रुओ-निंग

—

छीशान, २५ मार्च

बाळ,

इकडे केळीच्या बागांवर सकाळी असं धुकं उतरतं की समोरून येणारी सायकल आधी ऐकू येते, मग दिसते. असल्या सकाळी लिन बाई आम्हाला खिडक्या उघडायला लावायच्या आणि म्हणायच्या, बाहेर बघा आणि मग म्हणा. मी आणि चिंग-फा एका सुरात म्हणायचो. मी ओळ विसरलो की तो जरा मोठ्याने म्हणायचा, म्हणजे बाईंना माझा आवाज थांबलेला कळायचा नाही. तुमच्या वर्गात असं काही होत असेल असं वाटत नाही. तुमच्याकडे पाय यी-त्से आहे.

गुंडाळीबद्दल म्हणशील तर ती यंत्रं जुनी होती. रेघा चढतात, उतरतात. पंखे असतील. सत्तावीस वर्षांच्या कागदावर ओल धरते आणि मग माणसाला त्यात डोंगर दिसू लागतात, नद्या दिसू लागतात.

तू दुसरी फाइल का मागून घेत नाहीस? ती उंदराची चांगली वाटते. उंदीर मेला, कारण मिळालं, कोणाचं काही गेलं नाही. हवं तर मी तुमच्या श्वे मॅडमना पत्र लिहितो. निवृत्त अधिकाऱ्याच्या शब्दाला अजून थोडीफार किंमत असेल.

तब्येत सांभाळ. त्या शिंचूच्या वाऱ्यात कानाला काही बांधत जा.

धाकटा आजोबा

—

शिंचू, १ एप्रिल

धाकटे आजोबा,

फाइल बदलता येत नाही. उंदीर दुसऱ्या टीमने आधीच वाटून खाल्ला आहे.

मी छोटंसं लिहिते, कारण मला राग आलाय आणि तुमच्यावर रागवायची मला सवय नाही.

काल टीमची बैठक झाली. पाय म्हणाला, “डोंगर-बिंगर सोड. हुकूम आहे ना, हलगर्जी म्हणून? कारण: माणसाची चूक. माणूस: तु चिंग-फा. इंजिनिअर लोकांना हा रकाना फार आवडतो, तो भरला की यंत्राला कोणी काही बोलत नाही.”

मी म्हटलं, “पुरावा?”

“सत्तावीस वर्षांत त्यांनी तक्रार केली का?”

“नाही.”

“झालं तर मग.”

मतं घेतली. तीन विरुद्ध एक. बारा तारखेला तेच सांगायचं ठरलंय, आणि अहवालाची एक प्रत, विमानतळाच्या नियमाप्रमाणे, ज्याचं ज्याचं नाव त्यात येतं त्याच्या घरी जाते. तु चिंग-फा हयात आहेत. पंघू बेटावरच, मागोंगला, मुलीकडे असतात.

एकदा त्यांना पुडीपायी बेटावर पाठवलं. आता निळ्या रंगात पाठवू.

हे मांडलं तर कदाचित मी पास होईनही. पण ती गुंडाळी मी उघडली आहे. ती आता मला न उघडल्यासारखी करता येणार नाही. दुसरं कारण हातात असेल तरच मी त्या तिघांना अडवू शकते. नसेल तर बारा तारखेला मी उभीच राहणार नाही, मग पदवी जाईना का.

अकरा वीसला काय लावत होता?

रुओ-निंग

—

छीशान, ५ एप्रिल

रुओ-निंग,

आज पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत काढून आलो. तुझ्या पणजोबांच्या दगडापुढे उभा होतो. मेलेल्या माणसांपुढे खोटं बोलायला काही कष्ट पडत नाहीत, ते ऐकून घेतात. तू ऐकून घेत नाहीस. हे तुझ्या शिक्षणाचं फळ असेल तर फी वाया गेली नाही.

कुकर.

वाफेवर डबे गरम करायचा साधा विजेचा कुकर. आम्ही अकरा जण, अकरा डबे, एकावर एक. थंड भात खाऊन माणूस विमानतळ चालवू शकत नाही, हे तुमच्या पुस्तकात नसेल, पण आहे तसंच. आता त्या इमारतीत बाकीची वीज दिवसातून दोनदा डोळे मिचकावायची. कधीही न जाणारी अशी एकच लाइन होती. तुझ्या अभ्यासाच्या भाषेत सांगायचं तर मी डब्यांसाठी विश्वासार्ह व्यवस्था आखली होती. त्या प्लगच्या वर मीच माझ्या हाताने, सुवाच्य अक्षरात, पाटी लावली होती: ‘या लाइनवर दुसरं काहीही लावू नये.’ रोज अकरा वीसला तिच्यावर माझा कोट अडकवायचो आणि बटण दाबायचो. सहा वर्षं.

त्या दिवशी तिथे दुसरा कुकर होता. तो कोणी लावला ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर पहिला कोणाचा हेही बोलावं लागलं असतं. तू दोन्ही माझ्याच नावावर लिही; पाटी माझी होती, मोडायची रीतही मीच घालून दिली. दिवे गेले तसा मी दोन्ही कुकर उपटून कपाटात ढकलले आणि कुलूप घातलं. मागे वळलो तर दारात चिंग-फा. त्याने कपाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

पाऊण वाजता चौकशी समिती आली, तिघं साहेब. सगळ्या खोलीत मांसाचा आणि खारवलेल्या मोहरीच्या पाल्याचा वास. थोरल्या साहेबांनी नाक वर केलं. मला वाटलं, संपलं. ते म्हणाले, “जेवलात का तुम्ही लोक?” आपल्याकडे हे सगळेच विचारतात, उत्तराची कोणाला अपेक्षा नसते. मी म्हटलं, “नाही साहेब, तुम्ही?” आणि कपाट जेमतेम हात जाईल इतकं उघडून तीन डबे काढून दिले. कारण त्यांच्या हातात होतं, गरम होतं, त्यांनी ते खाल्लं आणि ‘अज्ञात’ असं लिहून दिलं. मी सही केली. खरं तर ते कारण त्या इमारतीत सगळ्यांना ज्ञात होतं. अकरा जणांनी तोंडं बंद ठेवली, कारण अकरांचेही डबे त्यात होते.

पण वरच्यांना कोणाचं तरी नाव लागतंच. तेव्हा कोणीतरी पुडीची तारीख वाचली. ‘कोणीतरी’ असं मी सत्तावीस वर्षं म्हणत आलो आहे. मीच वाचली, आणि मोठ्याने.

चिंग-फा एका शब्दानेही बोलला नाही. पेटी भरली आणि गेला. त्यानंतर आमची भेट नाही. दर नववर्षाला त्याचं कार्ड येतं, त्याच मोत्यासारख्या अक्षरात एकच ओळ: ‘तुझे उपकार मी विसरलेलो नाही.’ असा टोमणा मारायला मोठा कवी लागतो. ती सगळी कार्डं मी जपून ठेवली आहेत; शिक्षा अशी हप्त्याहप्त्याने भोगली की ती भोगल्यासारखी वाटते, आणि बाकी काही करावं लागत नाही.

आता माझं नाव लिही. हुद्दा नको, नाव. यान सोंग-पो. नीट लिही.

धाकटा आजोबा

—

शिंचू, १३ एप्रिल

धाकटे आजोबा,

पास झालो.

तुमचं पत्र मी टीमला वाचून दाखवलं. पाय म्हणाला, “कुकरचा फोटो कुठे मिळेल?” एवढं मोठं मतपरिवर्तन मी प्रथमच पाहिलं.

काल इंजिनिअर सहा होते. मी गुंडाळी टेबलावर पसरली आणि सांगितलं: पहिला डोंगर, अकरा डबे. दुसरा डोंगर, दुसरा कुकर. खटका. वाटलं होतं हसतील. कोणी हसलं नाही. मधले गृहस्थ शेजारच्याला हळूच म्हणाले, “आपला कुठे लावलाय?”

“नव्या इमारतीत? तिसऱ्या मजल्यावर.”

“ते माहीत आहे. लाइन कोणती?”

दोघं उठून बाहेर फोन करायला गेले. आमच्या व्यवस्थेत तीन यंत्रं आहेत, तीन वेगळ्या लाइनी आहेत, आणि सतराव्या पानावर जेवणाच्या खोलीसाठी एक चौथी, स्वतंत्र लाइन आहे. श्वे मॅडम म्हणाल्या, पाचही टीममध्ये माणसांना भूक लागते हे फक्त आम्ही गृहीत धरलंय. रंगाचे दोन गुण कापले.

नाव तुम्ही सांगितलं तसंच लिहिलं. विमानतळाचे लोक म्हणाले, “हुद्दा पुरे, म्हातारा माणूस आहे.” मी म्हटलं, त्यांनी नावच सांगितलंय. तु चिंग-फा यांच्या नावापुढे ‘यांचा काही दोष नव्हता’ असं आहे. त्यांची प्रत मी स्वतः पोस्टात टाकली, तिकीट सरळ लावून, सोबत तुमच्या पत्राची नक्कलही घातली. तुम्हाला न विचारता घातली. विचारलं असतं तर तुम्ही धुक्याचं वर्णन पाठवलं असतंत.

आईला आता सगळं सांगितलं. ती विचारत होती, तुम्ही ठीक आहात ना. मीही विचारते.

रुओ-निंग

—

मागोंग, २१ एप्रिल

सोंग-पो,

तुझ्या नातीचा अहवाल आला. माझे डोळे गेले आहेत, कार्डावरची ओळ तेवढी हात सवयीने लिहितो; अहवाल आणि सोबतचं तुझं पत्र मुलीने मोठ्याने वाचलं. ‘यांचा काही दोष नव्हता’ इथे ती रडली. मी कुकरपाशीच अडकून बसलो होतो.

दुसरा कुकर माझा होता.

आईने मुळ्याच्या वड्या करून दिल्या होत्या, तुम्हा सगळ्यांना नववर्षाच्या म्हणून. तुझ्या कुकरात डब्यांनी जागा ठेवली नव्हती. मी घरून दुसरा आणला आणि बारा वाजून सहा मिनिटांनी बटण दाबलं. पुढचं तुला माहीत आहे. धावत परत आलो तर तू दोन्ही कुकर कपाटात कोंबत होतास. मला वाटलं, याने ओळखलं. सहा वर्षं एकाने काही झालं नाही, माझ्या दुसऱ्याने झालं, हे याला कळलं, आणि मला वाचवायला हा त्या पुडीची तारीख वाचतो आहे. नोकरी जायची ती बदलीवर निभावली. बोटीवर मी मनात म्हटलं, शाळासोबती असावा तर असा.

कार्डांवर मी जे लिहीत होतो तोच त्याचा अर्थ होता. टोमणा मारायचा असता तर मी दोन ओळी घेतल्या असत्या. जावयाला तुझी गोष्ट सांगितली. नातू झाला तेव्हा त्याच्या नावात तुझ्या नावातलं ‘सोंग’ घातलं. तो आता सहावीत आहे. त्याचं काय करू ते कळव.

म्हणजे सत्तावीस वर्षं तू मला घाबरलास आणि मी तुझे आभार मानले, आणि दोन्ही फुकट गेलं. बायको इथे आली आणि इथल्या वाऱ्याला शिव्या देत इथेच वारली. तेव्हाही मी तिला म्हणत होतो, यानने आपल्याला वाचवलं. ती म्हणायची, वाचवलं तर मग भेटायला का येत नाही? मी म्हणायचो, तो लाजाळू आहे.

आता मला नव्याने रागवावं लागणार, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, रागाचं काही बोलले नाहीत. दोनदा पत्र सांगून लिहून घेतलं आणि फाडलं. दोन्ही वेळा शेवटी ‘तब्येत जप’ असंच आलं. पत्रात मला रागवता येत नाही, आणि मुलगी मधले शब्द गाळते. समोर माणूस लागतो.

मंगळवारी सकाळचं विमान घे. मी दाराशी उभा असेन. मला तू दिसणार नाहीस, तेव्हा तूच हाक मार, आणि मग जिथे असशील तिथेच उभा राहा. आधी मला माझं सगळं बोलू दे, मधे कविता म्हणू नकोस. माझं झालं की दुसऱ्या कुकरबद्दल तू बोल. मी मान खाली घालणार नाही.

उपाशी ये. जेवायला बसायला बराच उशीर होणार आहे.

तु चिंग-फा